डब्यातलं शेवाळ

शरच्चंद्र सरांनी स्टाफरूममध्ये फुशारकी मारली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घरच्या तुळशीवृंदावनावरचं ओलं शेवाळ काचेच्या वाटीत पिळून त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. खसखशीहून लहान, आठ आखूड पायांचा, लठ्ठ प्राणी डुलत चालला होता.

"हे जलअस्वल. उद्या आठवीला दाखवणार. उकळा, वाळवा, मरत नाही."

"उकळलं तरी?" मराठीच्या अवधूत सरांनी विचारलं आणि पंढरी शिपायाच्या किटलीतलं चहाचं आधण वाटीत ओतलंसुद्धा.

पंढरीने डोळा लावला. "सर, शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमनं टेबल हलतंय. अस्वल न्हाय."

मधली सुट्टी संपली, तरी अस्वल हललं नाही. मग सरांना पुस्तकातलं पुढचं वाक्य आठवलं. आधी सावकाश वाळून, पाय आत ओढून त्याचा गोळा झाला, तरच ते टिकतं. ओलं असताना उकळलं की मरतं.

"आता आठवीला काय दाखवणार? तेराव्याचं जेवण?" अवधूत सर म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. पुढच्याच आठवड्यात सरांच्या बायकोचं, नीलाचं, वर्षश्राद्ध होतं.

सर मान खाली घालून घरी आले. वृंदावन चुन्याने पांढरंशुभ्र झालं होतं. श्राद्धासाठी खारबावहून आलेल्या आक्काने ते सकाळीच घासलं होतं.

"आक्का, शेवाळ कुठंय?"

"पाहुणे येणार, शरू. तुळस अशी हिरवीगार ठेवायची? नीलाला लाज वाटली असती."

सर पायरीवरच बसले. आक्काला दया आली. "शेवाळच हवंय ना? तिच्या ट्रंकेत बिस्किटांचा डबा आहे बघ."

गौरीपुढच्या देखाव्यातल्या डोंगरासाठी नीला शेवाळ वाळवून ठेवायची. 'विज्ञानाच्या मास्तराच्या घरात हा कचरा कशाला?' असं सर दरवर्षी म्हणायचे. तिच्या आजारपणापासून दोन गणपती डबा उघडलाच नव्हता.

चिमूटभर शेवाळ त्यांनी संध्याकाळी पाण्यात भिजत घातलं आणि सकाळी वर्गात नेलं. अवधूत सर मागे येऊन उभे राहिले होते.

"हलतंय ते टेबल," ते पुटपुटले.

"आज शुक्रवार हाय सर, लूम बंद," पंढरी नळीला डोळा लावून म्हणाला. "चालतंय की हो. कदी वाळवलेलं?"

"दोन वर्षांपूर्वी. घरच्यांनी." सर खडूकडे बघत राहिले. "मी फेकून दे म्हणत होतो."

"बरं झालं," पंढरी डोळा न हलवता म्हणाला, "त्यांनी तुमचं ऐकलं न्हाय."