दोन फळ्यांचं हस्तांतर

आमच्या संस्थेच्या ताब्यात एक तळं आहे आणि तळ्याच्या मधोमध वाळूचं एक बेट. बेटावर दरवर्षी सुरय नावाचे पांढरे पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. त्याच सुमारास तळ्याचं पाणी वाढतं. अशा वेळी बांधातल्या मोरीच्या खाचेतून दोन फळ्या उपसून काढल्या, की जास्तीचं पाणी निघून जातं आणि अंडी कोरडी राहतात. निसर्गसंवर्धन म्हणून आम्ही जे काही करतो, ते एवढंच. इमारत मात्र तीन मजली आहे.

एकतीस वर्षं हे काम फळीमामा करत. ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात संचालकबाईंनी चिंता व्यक्त केली. "एका माणसाच्या हातावर चालते, ती संस्था कसली?" मामांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, आता दोन माणसं नेमणार.

नेमले चार फेलो. चौघेही नुकतेच पदवी घेतलेले आणि हुशार. योजनेचं नाव 'संवर्धन व्यवस्थापन फिरती फेलोशिप'. प्रत्येकाने निधी, प्रसिद्धी, मनुष्यबळ आणि तळे अशा चार विभागांत तीन-तीन महिने काढायचे. पहिला महिना निरीक्षण, दुसरा आराखडा, तिसऱ्यात पुढच्यासाठी हस्तांतर-टिपण. प्रत्यक्ष काम कोणत्या महिन्यात करायचं, हे माहितीपत्रकात नव्हतं. पण माहितीपत्रक जाड, गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

ही टिपणं फायलीत लावायचं काम माझं. मी तिथला ग्रंथपाल. माझ्या खिडकीतून मोरी दिसते. पहिलं टिपण मामांचंच होतं : 'पाणी पांढऱ्या खुणेला लागलं की दोन फळ्या काढणे.' पुढच्या टिपणात होतं, 'योग्य वेळी आवश्यक तेवढ्या फळ्या काढण्याबाबत निर्णय घेणे.' त्याच्या पुढच्यात, 'फळ्यांबाबत संबंधितांशी संवाद सुरू ठेवणे.' भाषा उत्तरोत्तर सुधारत होती.

त्यानंतरचं टिपण सायकलवालीने लिहायचं होतं. ती सायकलवरून यायची, म्हणून तिला सगळे तसं म्हणत. तळे विभागातल्या तिच्या शेवटच्या दिवशी ती धापा टाकत माझ्या खोलीत आली.

"काका, पाणी खुणेवर चढलंय. एकेचाळीस घरटी आहेत, मी मोजलीत. फळ्या किती काढायच्या? टिपणात नुसता संवाद आहे!"

"मामा दोन काढायचे," मी म्हणालो. "बहुतेक. म्हणजे दोनच. पण माझं खरं धरू नकोस, बाईंना विचार."

ती विचारायला गेली. माझं शेवटचं वाक्य नसतं, तर ती थेट मोरीवर गेली असती.

"आज तुझा शेवटचा दिवस ना?" संचालकबाई म्हणाल्या. "मग आज टिपण. कृती नाही."

"मॅडम, अंडी बुडतील!"

"चांगला मुद्दा आहे. टिपणात घे. ठळक अक्षरात."

दुसऱ्या दिवशी सायकलवाली प्रसिद्धी विभागात गेली आणि तळ्यावर नवा फेलो आला. त्याचा पहिला महिना निरीक्षणाचा. वाढतं पाणी त्याने फार बारकाईने पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत सायकलवाली पँट दुमडून मोरीत उतरू लागली, तेव्हा मनुष्यबळवाल्या बाई धावत आल्या.

"अगं, तू काढल्यास तर हा शिकणार कधी? त्याची संधी आहे ती!"

"मग त्याला काढू दे!"

"पहिल्या महिन्यात?" तान्ह्या पोराला जिना चढायला सांगावं, तसा बाईंचा चेहरा झाला.

पण आमची संस्था काही दगडाच्या काळजाची नाही. संध्याकाळी तातडीची बैठक झाली आणि मामांना बोलवायचं ठरलं. मामा सकाळी रबरी बूट घालूनच आले. अडचण एवढीच, की मोरीत उतरायचा अधिकार फेलोंना, आणि फेलोंची वयोमर्यादा अठ्ठावीस. मामांना 'मार्गदर्शक' म्हणून घेता येत होतं. मार्गदर्शकाने सांगायचं, हात लावायचा नाही.

"अहो, चार मिनिटांचं काम आहे," मामा कळवळून म्हणाले. "सांगत काय बसायचं त्यात?"

"मग चार मिनिटांतच सांगा ना, मामा," संचालकबाई म्हणाल्या.

बांधावर खुर्च्या मांडल्या. फळ्या कशा काढतात, हे मामांनी हवेत हात हलवून दाखवलं. टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरं सुरू असताना पहिलं अंडं तरंगत मोरीपाशी आलं. नव्या फेलोने त्याची नोंद घेतली.

तेव्हा सायकलवाली खुर्चीवरून उठली, मोरीत उतरली आणि तिने दोन्ही फळ्या उपसल्या. चार मिनिटंही लागली नाहीत. पाणी भराभर उतरलं, आणि तोवर तरंगू लागलेली अंडी पाण्याबरोबर गेली.

विभागमर्यादा ओलांडल्याबद्दल तिची फेलोशिप त्याच दिवशी संपली. जाताना ती पुस्तक परत करायला आली. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"काका, इथून मोरी दिसते. तुम्हाला आकडाही माहीत होता. मग?"

"मी ग्रंथालय विभागात आहे," मी म्हणालो.

त्या दिवशी जागचं न हलता सगळं पाहणाऱ्या प्रत्येकाला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. माझंही आलं; खिडकीतून पाहिलेलं धरलं गेलं. इथपर्यंत वाचायला तुम्हालाही चारेक मिनिटं लागली असतील. तुमचंही तयार आहे. फक्त नाव घालायचं बाकी आहे.