धोंडूकाकांचं सुतक

जयंतीने सकाळी सासूच्या कानात काहीतरी सांगितलं आणि रुक्मिणीबाईंनी गॅस बंद केला. प्रसादाचा शिरा नुकताच झाला होता. मुलुंडच्या नव्या ब्लॉकमधली सत्यनारायणाची पूजा पुन्हा बारगळली होती. पाळीच्या दिवसांत बाईने बाजूला बसायचं, देवाला शिवायचं नाही, हा परबांचा नियम कणकवलीहून भांड्यांबरोबरच मुंबईला आला होता. सुनेशिवाय पूजा नाही, आणि पूजेशिवाय नवा टीव्ही खोक्याबाहेर काढायचा नाही. जयंतीचा नवरा विद्याधर बिचारा त्या खोक्याकडे बघत चहा प्यायला.

"अगो, आताच तर होवन गेला मा तुझा?" रुक्मिणीबाई कुजबुजल्या.

"मला काय हौस आहे का, आई?" जयंती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

ती टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारी घ्यायची. दोष तारेत की यंत्रात, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण स्वतःच्या शरीरातला दोष काही सापडत नव्हता. पाळी कधी दोन-दोन महिने गायब, कधी महिन्यात दोनदा हजर. मे महिन्यात सगळं मुलुंड घामाने निथळत असताना ही स्वेटर घालून बसलेली. केस गळत होते, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. हे सगळं एकमेकांशी जोडलेलं असेल का, असं तिने विचारलं की विद्याधर म्हणायचा, "बायकांचं असतं काहीतरी." सासूला मात्र वाटायचं, सून कामचुकार आहे. ते जयंतीला फार लागायचं.

आता आमंत्रण दिलेल्या बिल्डिंगला काय सांगायचं? खरं कारण चारचौघांत बोलायची सोय नव्हती. पहिल्या वेळी रुक्मिणीबाईंनी भटजींना ताप आणला होता, तर संध्याकाळी तेच भटजी तळमजल्यावर खणखणीत आवाजात आरती म्हणताना सगळ्यांना दिसले. दुसऱ्या वेळी कणकवलीचे धोंडूकाका सीरियस झाले. आता त्यांना मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आई, अगं जिवंत माणूस आहे तो!" विद्याधर म्हणाला.

"तो थय, आपण हय. तेका कसा कळतला? सुतक म्हटला की कोण पूजेचा नाव काढूचो नाय."

पूजेचं नाव कोणी काढलं नाही हे खरं, पण सगळी बिल्डिंग भेटायला आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी पिठलं-भात आणला, आणि रुक्मिणीबाईंनी शिऱ्याचं पातेलं पलंगाखाली ढकललं. कोपऱ्यात स्वेटर घालून बसलेल्या जयंतीकडे बघून समोरच्या माणिकताईंना तर भरूनच आलं.

"चुलत सासऱ्यासाठी किती रडली पोर! डोळे बघा कसे सुजलेत!"

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर उत्तरा तिच्याशेजारी येऊन बसल्या. "रडून घसा बसला का गं?"

"नाही हो, सहा-सात महिने असाच आहे."

"आणि काका कधी गेले?"

"काल."

डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "थंडी फार वाजते? थकवा येतो? पाळी वेळेवर येते?"

विद्याधर उठून गॅलरीत गेला. इतकं नीट जयंतीला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिने भरल्या घरात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिची मान वर करायला लावून तिला पाण्याचा घोट गिळायला सांगितला.

"रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण थायरॉईड असू शकतो. गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की सगळं शरीर मंदावतं, पाळीही बिघडते."

म्हणजे तारा जोडलेल्याच होत्या! जयंतीला आजाराचं वाईट वाटायच्या आधी आनंदच झाला.

तपासणीत थायरॉईडच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू आवाज मोकळा झाला, स्वेटर कपाटात गेला. पाळी रुळावर यायला मात्र वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. रुक्मिणीबाई रोज सकाळी चहाच्या आधी गोळी स्वतः सुनेच्या हातावर ठेवू लागल्या. कामचुकारपणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतर पूजा ठरली. बिल्डिंग जमली, चौरंग मांडला, भटजी धडधाकट हजर झाले. एवढ्यात नारळांचं पोतं खांद्यावर घेऊन एक म्हातारा दारात उभा राहिला. विद्याधरने सगळ्या नातेवाइकांना पत्रं टाकली होती, त्यात यांनाही टाकलं होतं.

"मी धोंडू परब, कणकवलीचो!" त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

माणिकताईंनी दाराची चौकट घट्ट धरली. रुक्मिणीबाई पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात पळाल्या, तर तिथे जयंती उभी. ती सासूच्या कानाशी लागली.

रुक्मिणीबाईंनी शिऱ्याकडे पाहिलं, बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं, पाणी मागणाऱ्या धोंडूकाकांकडे पाहिलं.

"आता आणखी कोणाक मारू गो मी?" त्या म्हणाल्या. मग सुनेच्या नऊवारीचा पदर त्यांनी स्वतःच सारखा केला. "देवाक थायरॉईड कळता. जा, पाटार बस."