पाचटातली खुर्ची

ऊस तुटून गेला, तोडणीची टोळी पुढच्या गावाला निघाली, की आमचे शेजारी दत्तूतात्या त्या मोकळ्या रानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात. रान त्यांचं नसतं. खुर्ची मात्र त्यांची असते. लाल प्लॅस्टिकची, एक हात तुटलेली. डोक्यावर उपरणं, शेजारी पाण्याची बाटली, हातात कालचा पेपर. रानाचा मालक काडेपेटी घेऊन आला की पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "पेटवा की. मी हितंच हाय."

आमचं गाव राहुरीच्या अलीकडे, मुळेच्या पाटावर. पाटाचं पाणी आल्यापासून आम्ही ऊस लावतो आणि ऊस लावल्यापासून पाचट पेटवतो. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. तोडणी झाली की रानात त्यांचा गुडघाभर थर उरतो. पाणी द्यायला अडचण, उंदरांना घर, सापाला सोय. एक काडी ओढली की तासाभरात रान मोकळं. यात काही चुकतंय असं आमच्या तीन पिढ्यांत कुणाला वाटलं नव्हतं. खुद्द तात्यांनाही नाही. वारा बघून कुठल्या कोपऱ्यात काडी लावायची, हे सांगायला पूर्वी लोक त्यांनाच बोलावून नेत.

मग एकदा ते शेतकऱ्यांच्या शिबिराला गेले आणि दिवसभर ऐकून संध्याकाळी परत आले ते वेगळेच होऊन. तेव्हापासून "जागतिक तापमानवाढ" हे शब्द ते नेहमी पूर्ण उच्चारतात, तेही उभं राहून, घरी मोठा पाहुणा आल्यासारखे. पुढचं वाक्य ठरलेलं, "ते झालं जगाचं. आता आपल्या हातात काय हाय, ते बोला."

ऐकणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा चहाचा कागदी कप असतो. तात्या त्याच्याकडे नुसते बघतात. स्वतः खिशात स्टीलचा पेला बाळगतात. लग्न असो, दहावा असो, तात्यांचा चहा त्यांच्या पेल्यात.

गाडी चालू ठेवून चौकात गप्पा मारणारा दिसला की तात्या गप्पांत सामील होतात, हळूच किल्ली काढतात आणि खिशात टाकतात. बोलणं संपलं की परत देतात. एकदा ग्रामसेवकाची किल्ली द्यायची राहिली आणि तात्या शेवगावला पाव्हण्यांकडे मुक्कामाला गेले. ग्रामसेवक दोन दिवस पायी फिरले. तात्या म्हणाले, "बघा, गाव पहिल्यांदा नीट बघितलं त्यांनी."

एका साखरपुड्यात भर दुपारी विजेच्या माळा लावल्या होत्या. तात्यांनी बटण बंद केलं. त्यात फोटोवाल्याचे दिवेही गेले आणि अंगठी घालतानाचा फोटो काळा आला. मुलीचा बाप चिडला. तात्यांनी शांतपणे विचारलं, "अंगठी बसली ना बोटात?"

हे सगळं दुसऱ्याचं होतं तोवर मी मजेत ऐकत आणि चार जागी सांगत होतो. यंदा खुर्ची माझ्या रानात आली.

मी हायस्कुलात मास्तर आहे. दोन एकर वडिलोपार्जित, ती सुट्टीच्या दिवशी करतो; मधली दोन वर्षं कांदा होता, ऊस यंदा तुटला. पाचट न पेटवता त्याची बारीक कुट्टी करावी, सरीत दाबावं, त्याचं खत होतं, हे मला माहीत होतं. मुलांना मीच शिकवतो. पण रविवार एकच असतो आणि काडेपेटी खिशात असते. शनिवारी दुपारी गेलो तर मधोमध तात्या. रविवारी सकाळी गेलो, तर तात्या आधीच हजर.

"तात्या, उठा. दुपारच्या आत उरकायचंय."

"उरका की. आमी कुठं नको म्हनतोय?"

खरा राग वेगळाच होता. आदल्याच आठवड्यात गफूरभाईंनी त्यांच्या तुटलेल्या फडातलं पाचट पेटवलं होतं. तिथे तात्यांनी बांधावर उभं राहून फक्त भाषण दिलं. गफूरभाईंनी ऐकता ऐकता काडी लावली, आणि तात्या भाषण संपवून घरी गेले. खुर्ची नाही, काही नाही. मी एकटाच काय पृथ्वीच्या मुळावर उठलो होतो?

शेवटी मी तात्यांच्या वस्तीवर गेलो. म्हटलं, काकूंनाच सांगावं, यांना घरी बोलवा.

रखमाकाकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. माझं गाऱ्हाणं ऐकून हसल्या.

"माझं ऐकत्यात व्हय ते? त्यान्ला पृथ्वीची काळजी, मास्तर. घरात कोन खोकतंय, त्याची न्हाई."

"खोकला? अजून आहे का?"

"लई हुता. ऊस तुटायला लागला का माझा दम वाढायचा. रात-रात बसून काढायची. ह्यांनी कधी इचारलं न्हाई, का गं, काय हुतंय. पाठ करून झोपायचे. ही दोन सालं मातर बरं हाय. नव्या गोळ्या लागू पडल्या."

मी "बरं झालं" म्हणालो आणि उठलो. अंगणात आलो तसा वारा तोंडावर आला. हिवाळ्यात आमच्याकडे वारा उगवतीकडून येतो. मी उगवतीला बघितलं. समोर माझं रान होतं, आणि रानात मधोमध लाल ठिपका. मग वळून मावळतीला बघितलं. तिकडे गफूरभाईंचा काळा झालेला फड होता. त्याचा धूर या घराकडे आलाच नसणार. खुर्ची पहिल्यांदा कधी निघाली, ते मी मनात मोजलं. दोन वर्षं झाली होती.

मी परत रानात गेलो. पाचट तुडवत मधोमध पोचलो आणि सरळ विचारलं, "तात्या, गफूरभाईंच्या फडात का नाही बसलात?"

तात्यांनी पेपर खाली केला. आजूबाजूला कोणी नाही, याची खात्री केली. तोंड गोरंमोरं झालं होतं.

"घरी जाऊन आला व्हय?"

"आलो."

"मास्तर, बायकोसाठी बसतो म्हनलं तर गाव हसंल. पृथ्वीसाठी बसतो म्हनलं तर गाव नुसतं येडा म्हनतंय. येडा परवडला."

"म्हणजे ते जागतिक तापमानवाढीचं सगळं..."

तात्या दुखावले. खुर्चीतून उभे राहिले. "खोटं हाय का ते? ती पृथ्वीवरच ऱ्हाती ना?"

 या माणसावर मी दोन वर्षं लोकांना हसवलं होतं, त्याची मला लाज वाटली.

"काकूंना सांगा की एकदा. त्यांना वाटतं तुमचं लक्षच नाही."

"नगं!" तात्या एकदम घाबरले. "तिला कळलं तर मला हितं बसू द्यायची न्हाई. ऊन लागंल म्हनंल."

मी तिथेच उभं राहून कुट्टीच्या मशीनवाल्याला फोन लावला. तो मंगळवारी येतो म्हणाला. मी तात्यांना शब्द दिला, पाचट पेटणार नाही, आता घरी चला.

तात्यांनी मान हलवली, "तुमच्यावर भरवसा हाय, मास्तर," असं म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"मग उठा की."

तात्यांनी पेपर उघडला. "मंगळवारपत्तुर बसतो. वारं उगवतीचंच हाय."