मागच्या सीटसकट

गाडी विकायला काढणारा माणूस गिऱ्हाइकाला इंजिन दाखवतो, टायर दाखवतो. आमचे शेजारी दिगंबरराव विचारायचे, "मागं बसलेल्या माणसाचं ऐकायची सवय हाय का तुम्हाला?"

उस्मानपुऱ्यात त्यांची आमची भिंत एकच. सत्तरीचे, बिनलग्नाचे. आणि त्यांची ती जुनी फटफटी, काय सांगू, माझ्या देवघरातली भांडीसुद्धा इतकी चकचकीत नसतात! तिच्यावर ते आणि थोरली बहीण अक्का, दोघं कन्याकुमारीपासून लडाखपर्यंत हिंडले. आई गेली तेव्हा दिगंबरराव आठ वर्षांचे. त्यांना वाढवता वाढवता अक्कांचं लग्न राहूनच गेलं. रस्ता अक्का दाखवायच्या. डावीकडं वळायचं तर खांद्यावर एक टपली, उजवीकडं दोन, आणि पुढं धोका असला की खांदा दाबायचा.

अक्का जाऊन चार वर्षं झाली. दिगंबरराव म्हणायचे, "गेली कुठं? मागं बसलीय की." आम्ही हसायचो. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, किक मारणं बंद झालं आणि गाडी विकायला निघाली.

"राहू द्या की अंगणात," मी म्हणाले.

"तिला एका जागी बसवत नाय, वहिनी. आजारी पडंल."

मेलेलं माणूस आजारी कसं पडेल? पण मी चहा टाकायला आत गेले. त्यांचा चेहराच तसा होता.

पहिलं गिऱ्हाईक शहागंजातला कापडवाला. भर दुपारी पडेगावपर्यंत चक्कर मारायला गेला आणि गाडी ढकलत परत आला. चेहरा पांढराफटक. "चाचा, मेरे पीछे कौन बैठा था?" दुसरा चांगला दंड फुगवून आलेला पैलवान, तो कोपऱ्यावर गाडी सोडून पळाला, चप्पल तिथंच. दिगंबरराव उलट त्यांच्यावरच चिडले. "साधी टपली सोसत नाय, लेकाचे!" मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही. कारण सावलीत उभ्या त्या गाडीच्या मागच्या सीटला एकदा माझा हात लागला होता. कोमट होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

मग आली प्रज्ञा. सरकारी दवाखान्यात नर्स, सुट्टी मिळाली की एकटीच हिंडणारी. चक्कर मारून आली, हेल्मेट काढलं.

"काका, दौलताबादच्या रस्त्यावर वळणाआधी कुणीतरी खांदा दाबला. मी हळू झाले, तर पुढं वाळूच वाळू. पडलेच असते. बांगड्या वाजल्या... कोण हायत त्या?"

"अक्का," दिगंबरराव म्हणाले. "माझी बहीण."

"येऊ द्या की मग. एकटीला मलाही कंटाळा येतो."

गाडी न्यायच्या दिवशी दिगंबररावांनी मला हाक मारली. हातात खण, नारळ, तांदूळ. "वहिनी, ओटी भरा." आणि मागच्या सीटकडं बोट केलं.

"अहो, लग्न न झालेल्या बाईची..."

"माझ्यामुळंच झालं नाय. सासरी निघालेल्या लेकीची भरतात ना? आज निघालीय ती."

मी रिकाम्या सीटवर खण-नारळ ठेवला, तांदूळ टाकले. देवाशपथ सांगते, एक दाणा खाली पडला नाही.

प्रज्ञानं किक मारली. आवाज विरेपर्यंत दिगंबरराव फाटक धरून उभे होते. अक्कांच्या भीतीनं त्यांच्या अंगणात गेलेला चेंडू आणायला गल्लीतली पोरं कधी जात नाहीत, मीही दिवे लागल्यावर तिकडं फिरकत नाही. ते वळले, डोळे पुसले.

"वहिनी, जरा आत येता का? बसा नुसतं. आज पहिल्यांदाच घरात शिरायचं भ्या वाटायलंय."