प्राजक्तपथिक आणि पारूबाय

दामूकाका पाटील ब्लॉगवर नवा लेख टाकला की कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून घालतात. आधी नाही, नंतर. लिहिताना ते बनियन-लुंगीवर असतात. पण एकदा का ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबलं, की शर्ट, पँट, केसांवरून पाण्याचा हात, आणि मग लॅपटॉपसमोर ताठ बसणं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुठे साखरपुड्याला निघालेत. विचारलं तर म्हणाले, "अरे, आता वाचक येतील ना! बनियनवर कसं बसायचं?"

वाचक येत नसत, हा भाग वेगळा.

कोपरीत आमची इमारत उभी आहे ती काकांच्या वडिलोपार्जित जमिनीवर. ते चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. सगळी नोकरी त्यांनी एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून केली. तिथे ‘माल मिळाला’ आणि ‘माल दिला’ याखेरीज काही लिहायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर आत तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. काकू संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिका सोडून हलत नाहीत, त्यामुळे पूर आला तो इंटरनेटवर.

मराठी ब्लॉगवाल्यांचं एक संकेतस्थळ आहे. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तिथेच माझ्यावर चर्चा सुरू होईल. हौसेने लिहिणारे तिथे लिहितात आणि हौसेने लिहिणारेच वाचतात. वाचतात म्हणजे ‘पु.ले.शु.’ लिहितात. याचा अर्थ ‘पुढील लेखनास शुभेच्छा’, आणि खरा अर्थ ‘हे लेखन वाचलेलं नाही’. मी तुमच्या लेखाखाली पु.ले.शु. टाकायचं, तुम्ही माझ्या. लग्नातल्या आहेरासारखा हा व्यवहार आहे. आला तसा परत गेला नाही की माणसं मनात ठेवतात.

या संकेतस्थळाच्या संपादक मंडळावर मी आहे. पगार शून्य, शिव्या भरपूर. तरी ऑफिसात कोणी विचारत नसेल तर असं एखादं पद बरं वाटतं.

काकांनी टोपणनाव घेतलं ‘प्राजक्तपथिक’. मी म्हटलं, "काका, आपल्या गल्लीत प्राजक्त नाही." म्हणाले, "म्हणूनच तर पथिक. शोधतोय."

त्यांच्या लिखाणाबद्दल काय सांगू? वडापाववर लेख होता, त्यात वडा हा शब्द नव्हता. ‘तप्त तैलस्नानाने सुवर्णकांती पावलेला तो गोलक’ असा उल्लेख होता. पाणी न आल्याच्या दिवशी त्यांनी ‘जलविरह: एक चिंतन’ लिहिलं. सोसायटीचा सेक्रेटरी ते वाचून म्हणाला, "तक्रार आहे की कौतुक, तेवढं सांगा." आपलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवताना काका मध्येच बोट वर करायचे आणि म्हणायचे, "जाणकार इथे थांबतो." जाणकार बहुतेक त्याच्या बऱ्याच आधी थांबलेला असे.

असं बराच काळ चाललं. काकांच्या लेखाखाली माझं एक पु.ले.शु., कल्याणच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं एक, आणि आभार मानणाऱ्या काकांच्याच चार ओळी. तरी शर्ट दर वेळी इस्त्रीचा.

मग काकांनी मिठागरांवर लिहिलं. त्यांच्या घरातली माणसं एके काळी मिठागरात राबलेली, तेव्हा मला वाटलं, आता तरी पाय जमिनीवर येतील. कसले येतात! ‘शुभ्र स्फटिकांची ती धवलनगरी चांदण्यात न्हाऊन निघे,’ अशी सुरुवात. त्याखाली मी सवयीने शुभेच्छा टाकायला गेलो, तर कोणीतरी आधीच हजर. आयडीचं नाव पारूबाय.

"चांदन्यात कोन गेल्ता मिठागरान? दुपारचे उन्हान ये, मंग सांग. मिठाचे पान्यान पाय चिरले का समाजंल तुना धवलनगरी."

मी खुर्चीत उडालोच. आमच्या संकेतस्थळावर कोणी कोणाला असं बोलत नाही. फार राग आला तर ‘आपल्या मताचा आदर आहे’ असं लिहितात. काकांनी उत्तर दिलं, ‘आपला रोष शिरोधार्य.’ त्यावर पारूबाय: "शिरोधार्य नको, खरा लिव. दिसभर मिठान उभा रायचा, आन घरी कालवनान मीठ कमी परला का सासू बोंबलाची. ह्या लिव."

बस. त्या दिवसापासून लोक प्राजक्तपथिकांच्या लेखावर तुटून पडू लागले. लेख कोणी वाचत नव्हतं. लेख आला की सरळ खाली, पारूबाय काय म्हणतात ते बघायला. काकांनी निवडुंगाच्या फुलावर लिहिलं, तर पारूबाय म्हणाल्या, "फूल बगत बसलास, बायकोनं गॅस संपला सांगितलेला ता ऐकला काय?" डोंबिवलीच्या एका पोराने पारूबायच्या वाक्यांचे व्हॉट्सॲप स्टिकर केले. बायका त्यांना सुक्या बोंबलाची चटणी विचारू लागल्या. नवशिके लेखक हात जोडून लिहू लागले, "पारूमावशी, आमच्यावर पण एकदा ओरडा ना."

काका खूश दिसायचे. मला आश्चर्य वाटायचं. इतक्या शिव्या खाऊन कोणाचा चेहरा असा उजळत नाही.

खुलासा झाला तो काकांच्याच हातून. कल्याणच्या मुख्याध्यापकांनी पारूबायचं भरभरून कौतुक केलं. त्यावर पारूबायच्या नावाने उत्तर आलं: ‘आपल्या रसिक अंतःकरणास या पामराचा साष्टांग प्रणिपात. जाणकार इथे थांबतो.’

जाणकार थांबला. सगळं संकेतस्थळच थांबलं. काका एका आयडीतून बाहेर न पडता दुसऱ्याचं उत्तर लिहून गेले होते. दोन मिनिटांत उत्तर उडवलं त्यांनी, पण सुलेखाताईंनी ते पाहिलं होतं. सुलेखाताई म्हणजे आमच्या मंडळाच्या प्रमुख, राहणार डोंबिवली, निवृत्त गणित शिक्षिका. एक माणूस, एक आयडी, हा नियम त्यांनी घातलेला, आणि त्यांच्या नियमाला अपवाद म्हणजे पेपरात कॉपी. त्यांचा मला मेसेज आला: "नितीन, तुमच्याच इमारतीत राहतात ना ते? दोन्हीपैकी एक बंद करायला सांगा. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा. पारूबाय अशी कोणी बाई अस्तित्वात नसेल तर तोच आयडी मी उडवणार."

शनिवारी मी चौथ्या मजल्यावर गेलो. मनातून मला मजा वाटत होती. स्वतःला शिव्या घालून वाचक गोळा करणारा लेखक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काका, सापडलात."

"कळलं मला," ते म्हणाले. "एकच ठेवायचा ना? मग माझा काढ."

"तुमचा? अहो, तुमचे सगळे लेख जातील!"

"जाऊ दे रे. ते कोण वाचतं? तू वाचतोस? खरं सांग."

मी गॅलरीतल्या तुळशीकडे बघितलं.

"बघ. लेख गेले तरी चालेल. पारूबाय राहू दे. तेवढं बघ तू, मंडळात आहेस ना?"

"काका, पण ताई म्हणतात त्यात चूक काय? पारूबाय नावाचं माणूसच नाहीये. तुम्हीच लिहिता सगळं. प्रसिद्धीचा स्टंट झाला हा."

दामूकाकांना चिडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. सेक्रेटरीने जलविरहाची थट्टा केली तेव्हाही ते हसलेच होते. पण आता त्यांचा आवाज चढला. "नाही काय, नाही? तुला कोणी सांगितलं नाही म्हणून? उद्या सकाळी मोकळा आहेस? चल माझ्याबरोबर खडवलीला."

दुसऱ्या दिवशी आम्ही खडवलीला उतरलो आणि उन्हातून चालत काकांच्या भाच्याच्या घरी गेलो. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. काष्ट्याचं लुगडं, पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि पायांच्या टाचा अशा भेगाळलेल्या की इतक्या वर्षांनीही मीठ अजून आत असावं. "ही माझी बहीण. मोठी," काका म्हणाले. "पारू."

भाच्याची बायको चहा घेऊन आली आणि माझ्याशी हळू आवाजात बोलत राहिली. मामांची आई लवकर गेली म्हणून त्यांना सासूबाईंनीच वाढवलं. मिठागरात जायच्या आणि मामांना शाळेत बसवायच्या. स्वतःला अक्षर येत नाही. "मामांनी काय पण लिहिलं की पहिला इथे येऊन यांना वाचून दाखवायचे. आणि ह्या अशा शिव्या द्यायच्या ना, शेजारच्या बायका कामं टाकून ऐकायला यायच्या. मामा हसत-हसत घरी जायचे, आणि मग ते परत लिहायचे."

"आणि आता?"

तिने फक्त ओट्याकडे पाहिलं.

काकांनी खिशातून फोन काढला होता. सकाळी निघण्याआधीच टाकलेला लेख ते बहिणीला वाचून दाखवत होते. लेख खाडीवर होता. खाडीला त्यांनी ‘लवणसलिला’ म्हटलं होतं. वाचता वाचता ते थांबत आणि बहिणीच्या तोंडाकडे बघत. लवणसलिलेला तर ते चांगलेच थांबले. मलासुद्धा वाटलं, आता शिवी पडणार. आता म्हातारी काहीतरी सणसणीत बोलणार.

म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पदर सावरला. मग परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाली, "बरा वाचता तुमी. मास्तर काय? कोनाकरं आलाव?"

"तुझ्याकडेच आलोय," काका म्हणाले. "मी दामू."

"बसा ना, दामूशेट," ती म्हणाली. "चाय घ्या. चांगला वाचता."

ज्या बाईने त्यांना आयुष्यात एकदाही ‘तुमी’ म्हटलं नव्हतं, ती आता त्यांचं प्रत्येक वाक्य गोड मानून घेत होती. काकांनी फोन बंद केला. चहा पुढ्यात होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही. कालचा ‘स्टंट’ हा शब्द तोंडातून गेला नसता तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं.

परतताना आम्ही स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो. काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि एका बोटाने फोनवर काहीतरी टाईप करू लागले. बराच वेळ चाललं होतं. मग माझा फोन वाजला. लवणसलिलेच्या लेखाखाली नवी प्रतिक्रिया आली होती.

"यवऱ्या उन्हान कनाला आलास रं? डोक्याला रुमाल तरी बांधाचा. लेख बेकार हाय. सुनेनं चाय दिली ती पन थंड केलीस. घरी जाऊन आधी जेव."

प्रतिक्रियेखाली ‘हटवा’ असं बटण असतं, ते फक्त संपादकांना दिसतं. मी फोन हातात धरून बसलो. बाकाच्या त्या टोकाला काका रुळांकडे बघत होते. माझ्याकडे वळून बघायची त्यांची हिंमत नव्हती.

मी सुलेखाताईंना मेसेज केला: "पारूबाय खऱ्या आहेत. खडवलीला राहतात. आज मी त्यांना भेटून आलो."