गवतासाठी पात्रता

सुट्टीच्या दिवशी आईला बागेत न्यायचे, असा ठराव त्या कुटुंबात एकमताने संमत झाला. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेपासून ती सातव्या मजल्यावरच्या खोलीत होती. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत, आणि त्या खिडक्यांतून बहुधा हिची. तिला चप्पल काढून गवतावर पाय ठेवायचे होते. एवढेच. मागणी जितकी लहान, तितकी ती कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते हे ठरवणे कठीण.

बागेभोवती तीन कलासंग्रहालये होती. पूर्वी लोक त्यांना वळसा घालून थेट बागेत शिरत, झाडाखाली आडवे होत, आणि कलेचा वाराही न लागता प्रसन्न चेहऱ्याने घरी जात. असला विनाकारण आनंद समाजाला परवडणारा नाही, हे सांस्कृतिक मंडळाच्या ध्यानात आले. बागेची सारी फाटके बुजवण्यात आली. एकच ठेवले, आणि तेथवरचा रस्ता तिन्ही संग्रहालयांतून काढला. नुसते चालून जाणे मात्र पुरेसे नव्हते. प्रत्येक संग्रहालयाच्या बाहेर पडण्याच्या दाराशी एक आस्वाद-निरीक्षक बसे आणि विचारी, "काय वाटलं?" वाटलेले नियमात बसले, तर मनगटावर शिक्का. तीन शिक्के झाले की गवत. वृद्धांच्या भावना मंदावलेल्या असतात, हे जाणून मंडळाने त्यांना सवलत दिली होती. त्यांना एकच शिक्का पुरे होता.

पहिल्या संग्रहालयाच्या दाराशी सूनबाई म्हणाल्या, "फार रिक्त वाटलं." शिक्का. चिरंजीव म्हणाले, "रेषांमधला ताण जाणवला." त्यांना जाणवलेला ताण गाडी चुकीच्या जागी लावल्याचा होता, परंतु ताण अस्सल होता. शिक्का.

"तुम्हाला काय वाटलं, आजी?"

"होडी छान काढलीय. पण आत बसलेल्या माणसाचं वल्हं कुठंय? तो घरी कसा जायचा?"

निरीक्षकाने चष्मा काढला. "ही अनुभूती नव्हे. ही चौकशी झाली. चौकशीची खिडकी तळमजल्यावर आहे."

दुसऱ्या संग्रहालयात, कोपऱ्यात, एक लहानसे चित्र होते. अर्धवट उघडे दार, आणि बाहेर काढून ठेवलेला एक जोडा. बस्स. आई त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, कोणी न पाहता नळ गळत राहावा तसे, कसलाही आवाज न करता.

"रडली!" चिरंजीव हर्षाने ओरडले. "चल आई, चल लवकर, सुकायच्या आत!" कोपराला धरून त्यांनी तिला निरीक्षकापुढे उभे केले. "बघा साहेब, ओलं आहे अजून."

निरीक्षकाने वाकून पाहिले. ओल मान्य केली. मग त्याने तक्ता उघडला. "कोणतं चित्र? दार-जोडा? त्या चित्राला सौम्य प्रसन्नता मंजूर आहे. रडणं पुढच्या दालनात. का रडलात?"

"काय माहीत बाबा. आलं, रडले."

"कारणाविना आलेले अश्रू व्यक्तिगत धरले जातात. व्यक्तिगत वस्तू आत येतानाच सामान-कक्षात ठेवायच्या असतात, आजी. बाहेर पाटी आहे."

तिसऱ्या संग्रहालयात जाताना सूनबाईंनी पाठ घेतला. "आई, फक्त 'अंतर्मुख झाले' एवढं म्हणा. दोनच शब्द आहेत."

"म्हणते की. त्यात काय एवढं?"

तेथे एक पांढरी खोली होती. पांढऱ्या भिंतीवर एक खिळा होता, आणि खिळ्यासमोर वीसेक माणसे हनुवटीला हात लावून उभी होती. समोरच्या भिंतीला खिडकी होती. तिच्यासमोर कोणीच नव्हते, म्हणून आई तेथे जाऊन उभी राहिली.

"काय वाटलं?" निरीक्षकाने विचारले. त्याच्या पाठीमागे उभे राहून चिरंजीव ओठ हलवीत होते. आईने तोंड उघडले. सूनबाईंनी डोळे मिटले.

"इथून गवत दिसतं," आई म्हणाली.

"ती खिडकी संग्रहात नाही."

"पण दिसतंय ना?"

"अनधिकृतपणे," निरीक्षक म्हणाला, आणि त्याने पडदा ओढून घेतला.

"आई, दोन शब्द खोटं बोलायला काय पैसे पडत होते?" बाहेर आल्यावर चिरंजीव कडाडले.

"पैसे नाही पडत रे. तोंड दुसऱ्याचं वाटतं."

बागेच्या फाटकाशी निवाडा झाला. घाम आला की शिक्के पुसतात, असे पहारेकऱ्याने सांगितले, आणि ऊन तर वाढत होते. "आई, आम्ही नुसतं जाऊन येतो. पाच मिनिटं. नाहीतर आमचेही शिक्के फुकट जातील. तू बस इथं सावलीला."

"जा की. मी काय पळून जातेय?"

ती पायरीवर बसली. पायरीला सावली नव्हती. चपला काढून तिने पाय दगडावर ठेवले. फाटकाच्या खालून गवताची दोन-चार पाती बोटभर बाहेर आली होती, नियमावली न वाचलेली. तिने अंगठा हळूच पुढे नेला.

"आजी, पाय मागे. ते गवत आतलं आहे," पहारेकरी म्हणाला.

"बाहेर आलंय की रे ते."

"गवताला कळत नाही. तुम्हाला कळायला हवं."

तिने पाय मागे घेतला. तेवढ्यात फोन वाजला. आतून चिरंजीव बोलत होते. "आई, काय सांगू तुला! अप्रतिम! तू असायला हवी होतीस!"

"गवत ओलं आहे का रे?"

पलीकडे चिरंजीव बूट घालून उभे होते. त्यांनी खाली पाहिले, आजूबाजूला पाहिले, मग मनगटावरच्या शिक्क्यांकडे पाहिले.

"एक प्रकारचा... अवकाश आहे, आई," ते म्हणाले.

आता आपली पाळी, रसिक वाचकहो. आपणही दालने ओलांडून येथवर आलात. योग्य जागी हसलात, दार-जोड्यापाशी क्षणभर थांबलातही असाल. निरीक्षक समोर बसला आहे, पण त्याला उत्तर देताना आपल्याला अडखळावे लागणार नाही. 'कथेने अस्वस्थ केले' हे वाक्य आपण घरून निघतानाच खिशात घातलेले असते. मनगट पुढे करा. शिक्का घ्या. आत या, हिरवळ उत्तम राखली आहे. पायरीवर एक बाई अनवाणी बसली आहे. तिला ओलांडताना बूट लागणार नाही, तेवढे पाहा.