न वाजणारं चाक

इनासकाका कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घरातल्या वस्तू वाजवून बघत. चहाचा कप हातात आला की बोटाच्या पेरानं टिचकी, मग कान तिरका, मग समाधानानं मान डोलावणं, आणि त्यानंतर चहा. नारळ, माठ, कलिंगड आपण सगळेच वाजवून घेतो. काका बशा वाजवत, खिडकीच्या काचा वाजवत, तुळशीवृंदावन वाजवत. माझ्या वडिलांची कवळी ज्या ग्लासात ठेवलेली असे, तो ग्लासही त्यांनी एकदा कवळीसकट वाजवला आणि "पक्का आहे" म्हणून परत ठेवला.

निकाल दोनच असत. "ठण् म्हणजे पास, ठप् म्हणजे घरी." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले असताना मुलीच्या आईनं ठेवणीतले कप काढले होते. काकांनी टिचकी मारली आणि भर बैठकीत जाहीर केलं, "ह्याला चीर आहे. हा फेका." बाई रडत आत गेल्या. सोयरीक शेवटी जमली, पण फादरांना दोनदा मध्ये पडावं लागलं. लग्नात काकांना मुद्दाम स्टीलच्या पेल्यातून चहा दिला गेला. तोही त्यांनी वाजवला.

आम्ही दोघे निर्मळचे. त्यांचं घर बावखलाच्या, म्हणजे गावातल्या तळ्याच्या, पलीकडे, आमचं अलीकडे. वसईच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या पंपांचे ओतीव भाग बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथं काका ग्राइंडर आणि मी स्टोअरकीपर. ओतकामातून आलेला खडबडीत भाग फिरत्या दगडी चाकावर धरून गुळगुळीत करायचा, हे त्यांचं काम. धार लावणाऱ्याकडे असतं तसलंच हे चाक, फक्त परातीएवढं मोठं. ही चाकं माझ्या ताब्यात असत, आणि म्हणून आमचं रोज वाजे.

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि नियमांवर माझं फार प्रेम होतं. नियम असा, की झिजलेलं चाक परत करा आणि नवं घ्या. बाकीचे कामगार निमूटपणे झिजकं चाक आणून देत. काका पिशवी आणत. पिशवीत चाकाचे तुकडे.

"काका, चाक आणा म्हटलं, खडी नाही."

"चाकच आहे. मोजून घे."

"पण फोडलंत कशाला?"

"उद्या कुणी तेच परत लावलं तर? तू लावशील?"

मी म्हटलं, मी कशाला लावीन, मला मेलेल्या पंख्याची वायर बदलता येत नाही. त्यावर ते म्हणाले, "तेच सांगतो ना बाबा," आणि नवं चाक मागितलं. ते हातात आलं की माझ्या टेबलाशी उभे राहून हातोडीच्या लाकडी दांड्यानं चार बाजूंनी वाजवत. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. आत बारीक तडा असेल तर आवाज बसका येतो, डोळ्याला काही दिसत नसलं तरी. पाचात एखादं चाक काका परत ढकलत, आणि मग पुरवठादाराला पत्र लिहिणं माझ्या नशिबी येई. फोडलेल्या चाकांचे तुकडे मी घेतले नाहीत, तेव्हा त्यांनी ते घरी नेले आणि मोगऱ्याच्या वाफ्यांना कड करून लावले. त्या वाफ्यांवर फिलूमावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जाता येता विळीला धार लावून घेत.

आणि मग काकांनी चाकच नवं काढायचं ठरवलं.

त्या वर्षी ईस्टरनंतर ते निवृत्त होणार होते. त्याआधी, म्हणजे अगदी ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, हे चाक झालंच पाहिजे असं त्यांनी मनात घेतलं होतं. कल्पना ऐकायला साधी. चाक दगडाचं करायचंच नाही. आतला गाभा लाकडाचा आणि बाहेरून एमरी कापडाचा, म्हणजे लोखंड घासायच्या खरखरीत कापडाचा, पट्टा. पट्टा झिजला की काढायचा, दुसरा चढवायचा. "गाभा ठेवा, कातडं बदला." हे वाक्य त्यांनी कारखान्यात, टांग्यात, देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, पायऱ्यांवर, एकदा तर मयतीलासुद्धा म्हटलं. तिथं कुणीतरी त्यांना हळूच बाहेर नेलं.

शेठना वाटलं, माणूस आपला खर्च वाचवतोय. त्यांनी खुशीनं एक पडून असलेली मोटर आणि जुनं लाकूड दिलं. मलाही तसंच वाटलं. इतका काटकसरी माणूस परत लावता येतील अशी चाकं फोडत का होता, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण पडला नाही.

पहिला पट्टा सरसानं चिकटवला. तो चिकटला, पण झिजल्यावर निघेना. काका दोन दिवस खरवडत बसले. दुसऱ्या खेपेला गाभ्याला खाच पाडून पट्ट्याची टोकं पाचरीनं आत दाबली. हे चाक फिरलं, पण सांधा आला की 'टक्' करी, आणि कामावर बघावं तर झेब्र्यासारखे पट्टे. मग त्यांनी पट्टा शिवून अखंड गोल केला. आता तो चढवता यायला सैल हवा आणि चालताना घट्ट हवा. दोन्ही एकदम कसं व्हायचं? काका महिनाभर त्यात अडकले. सायकल चालवताना स्वतःशी बोलत. एकदा बोलता बोलता केळीच्या वाडीत शिरले आणि तिथूनच हाक मारून मला विचारलं, "सैल आणि घट्ट एकाच वेळी काय असतं रे?" मी म्हटलं, सरकारी नियम. त्यांना ते आवडलं नाही.

याच सुमारास शेठ प्रयोग बघायला आले. काकांनी सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि मोटर लावली. चाकानं वेग घेतला, आणि सैल पट्टा सटकून जो उडाला तो थेट भिंतीवर, शेठच्या वडिलांच्या तसबिरीवर, चंदनाच्या हाराशेजारी जाऊन लटकला. शेठ लाल झाले होते.

काका मात्र टाळ्या पिटत होते. "बघितलं? कुणाला लागलं का? सांगा, लागलं कुणाला?"

"इनास, तुझं चाक फेल गेलं," शेठ म्हणाले.

"फेल तर गेलंच, शेठ. पण लागलं कुणाला?"

मी त्या दिवशी घरी सांगितलं, की काकांचं डोकं फिरलंय.

कोडं सोडवलं ते फिलूमावशींच्या बांगड्यांनी. उन्हाळा सुरू झाला होता, मावशींचे हात सुजले होते आणि बांगड्या निघत नव्हत्या. मावशी साबण लावून ओढत होत्या, कण्हत होत्या. काका समोर बसून बघत होते. मावशींनी मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, एवढ्या वर्षांनी माझी काळजी वाटली ह्याला. माझा हात हातात घेतला, बांगडी मागं पुढं केली, आणि 'जेजू रे देवा!' ओरडत परसात पळाला. बांगडी तशीच."

हात बारीक असताना बांगडी चढते, हात फुगला की ती धरून बसते. काकांनी गाभ्यावर जाड रबर बसवलं आणि त्या रबराला तिरक्या चिरा दिल्या. चाक थांबलेलं असलं की पट्टा हातानं सहज चढतो. चाक फिरलं की रबर बाहेरच्या बाजूला फुगतं आणि पट्ट्याला आतून धरतं. जितकं जोरात फिरेल तितकं घट्ट. कारखान्यात आम्ही ते फिरवून बघितलं, तेव्हा पट्टा हलला नाही, टक् झालं नाही, काम आरशासारखं निघालं. मी, ज्यानं त्या माणसाला वर्षभर खडीवाला म्हटलं होतं, तो नुसता बघत राहिलो. इंजिनियरांना कागदावर सुचतं, ते ह्या माणसाला बायकोच्या मनगटात दिसलं होतं. मला त्यांचा तेव्हा जो अभिमान वाटला, तो मी त्यांना सांगितला नाही, ह्याचं अजून वाईट वाटतं.

मला वाटलं, आता चाक शेठना दाखवतील. काका म्हणाले, "शनिवारी सुट्टी काढ. गासला जायचंय."

गास हे नाव ऐकून मला हसू आलं. काका दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की सायकलनं गासला जातात, हे सगळ्या निर्मळला माहीत होतं. कशाला जातात, हेही माहीत होतं. ताडी. फिलूमावशींना कुणी विचारलं, तर त्याही नुसत्या हसत. चाकाच्या आनंदात काका मला पाजणार, असं समजून मी घरी काहीतरी थाप मारली आणि निघालो.

टांग्यात मोटर, चाक, पट्ट्यांची पिशवी आणि आम्ही दोघे. ईस्टरचा आदला दिवस होता. देवळावरून जाताना काकांनी टोपी काढली आणि म्हणाले, "घंटा गप्प आहे बघ."

मला ते ठाऊक होतं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापासून ईस्टरपर्यंत त्यांच्या देवळात घंटा वाजवत नाहीत. घंटेऐवजी लाकडी खटखटी वाजवतात.

"अकरा वर्षं झाली," काका म्हणाले. "मुंबईला एका वर्कशॉपात होतो, मी आणि गासचा धर्मा. चाकं मी लावायचो, चालवायचा तो. असाच शनिवार होता. माझ्या मनात आलं, देवाची घंटा गप्प, मग मी तरी दगड कशाला वाजवू? तेवढीच आपली भक्ती. चाक न वाजवता लावलं, आणि धर्माला म्हटलं, चालू कर."

टांगेवाल्यानं घोड्याला उगाच दोनदा हाकललं.

"चाक फुटलं. डावा डोळा गेला त्याचा. रात्री ईस्टरची घंटा झाली असेल, मी इस्पितळात होतो. धर्मा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "त्याच्यासारखी धार अख्ख्या तालुक्यात कुणी लावत नव्हतं. तेव्हापासून चाकासमोर उभा राहिला नाही. गावचे विळे हातानं दगडावर घासत बसतो. मी दर रविवारी जातो, आम्ही भाताच्या गोष्टी करतो आणि मी परत येतो."

काकांनी आयुष्यात वाजवलेले सगळे कप, फोडलेली सगळी चाकं आणि तसबिरीवर लटकलेला तो पट्टा मला एकदम आठवला. ताडीसाठी मारलेली थापही आठवली आणि लाज वाटली.

धर्माभाऊ ओट्यावर बसले होते. उंच, वाळलेला माणूस. "पानी घ्या आधी," म्हणाले. मोटर बघितली आणि उठले नाहीत. आम्ही अंगणात फळीवर मोटर बसवली, तार जोडली, काकांनी पट्टा चढवला.

"मी इथूनच बघतो," धर्माभाऊ म्हणाले. आणि जरा वेळानं, "वाजवलंस का?"

"तूच वाजव."

धर्माभाऊ एकेक पायरी उतरले. लांबूनच हात पुढे करून पेरानं टिचकी मारली. ठप्. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "ठप् बोलतंय रे, इनास."

"ठपच बोलणार. लाकूड आणि रबर आहे. ह्याला वाजवून बघायची गरजच नाही. विसरला कुणी वाजवायला, तरी चालेल."

आणि मग इनासकाका चाकाच्या बरोबर समोर जाऊन उभे राहिले. चाक सुरू करताना त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, ही कारखान्याच्या फळ्यावरची पहिली ओळ. ती मीच रंगवून घेतली होती.

"बाजूला हो," धर्माभाऊ म्हणाले.

"नाही."

"इनास, मी सांगतोय, बाजूला हो."

"तू विळा लाव. मी इथंच आहे."

धर्माभाऊंनी एकदा काकांकडे, एकदा चाकाकडे बघितलं. मग त्यांनी कुडाला खोचलेला विळा काढला आणि मला मान हलवून खूण केली. मी बटण दाबलं. पहिल्यांदा विळा नुसता टेकला, मग हात आपोआप वळू लागला, ठिणग्या पडू लागल्या. अकरा वर्षांनंतरही तो हात काही विसरला नव्हता. मी बघतच राहिलो होतो, तेवढ्यात विळ्याचं टोक पट्ट्यात अडकलं. फट् असा आवाज झाला, पट्टा फाटला आणि सरळ काकांच्या छातीवर बसला.

मी मोटर बंद केली. धर्माभाऊंनी विळा टाकला आणि धावत जाऊन काकांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. आधी एका पापणीवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. दोन्ही डोळे ओले होते, पण जागच्या जागी होते. काकांच्या सदऱ्यावर नुसता एक करडा ओरखडा उठला होता.

"लागलं नाय?"

"नाही रे. फाटतो, फुटत नाही."

धर्माभाऊंनी खाली वाकून फाटका पट्टा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि वळचणीला टाकला. मग विळा उचलला, अर्ध्या धारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दुसरा पट्टा हाय का?"

पिशवीत पट्टे भरपूर होते. काकांना तिची गाठ काही सुटेना, तेव्हा ती मी सोडली.